कोटणीसांची अठ्ठावीस वर्षं

शिजियाझुआंग, चीन.

एप्रिलच्या सुरुवातीला इथे छिंगमिंग येतो. पूर्वजांच्या थडग्यांभोवतीचं गवत काढायचं, जागा झाडायची, फुलं वाहायची. आपल्या सर्वपित्रीशी नातं सांगणारा हा दिवस 2008पासून सार्वजनिक सुट्टीचा आहे. देशासाठी मेलेल्यांचीही आठवण याच दिवसांत काढतात. या शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून आहेत, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही.

चीनमध्ये असं स्मरण म्हणजे सरकारचं काम. जे जपायचं ठरलं, ते कसोशीने जपतात. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने 1938मध्ये चीनला पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक (त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांना आपण जवळजवळ विसरलोच), बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचं प्रमुखपद, कुओ छिंगलान यांच्याशी लग्न आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. कोटणीसांची ही चार वर्षं इथे सुरक्षित आहेत.

त्याआधीची अठ्ठावीस चीनने कुठून आणावीत? ती आपल्याकडची. भय्या चौकातल्या त्यांच्या घराचं सोलापूर महापालिकेने 2012मध्ये स्मारक केलं, हे फार चांगलं झालं. पण घराला बोलतं करणं कुठल्याही पालिकेच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. तिथे गावची माणसंच हवीत. गिरण्यांचा भोंगा, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दूचा शेजार, 1930चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. कोटणीस तेव्हा वीस वर्षांचे होते. कसल्या गावाने हा डॉक्टर घडवला, हे शिजियाझुआंगहून आलेल्या पाहुण्याला कोण सांगणार?

इंग्लंडमध्ये खेडोपाडीच्या इतिहास मंडळांतली निवृत्त माणसं पाळ्या लावून अशी जुनी घरं उघडी ठेवतात, पगाराशिवाय. आपल्यालाही हे नवं नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ राजवाडे-मेहेंदळ्यांनी 1910मध्ये, कोटणीसांच्याच जन्मवर्षी, सरकारची वाट न पाहता उभं केलं. सोलापुरात निवृत्त शिक्षक आहेत, गिरणी कामगारांची घरं आहेत. कुणाच्या माळ्यावर त्या काळचे फोटो, पत्रं, शाळेचे दाखले अजून असतील. ते मागायला दारात ओळखीचाच माणूस उभा राहावा लागतो. आठवड्याला दोन तास देणारे दहा जण जमले, तरी कामाला सुरुवात होईल.