‘मधातून देणे’ आणि ‘मध लावणे’ : घरगुती औषधाच्या भाषेचे एक टिपण

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावर, कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर हे गाव आहे. हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. या इतिहासामुळे वैद्यांचा ‘मध’ व हकिमांचे ‘शहद’ हे दोन्ही शब्द या भागात शेजारी शेजारी नांदले. पूर्वेस थोड्याच अंतरावर तेलुगूचे ‘तेने’ सुरू होते. नावे तीन असली तरी सल्ला एकच : पोट बिघडले तर मध, कातडी भाजली तरी मध. हा सल्ला कितपत खरा, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु तो ज्या शब्दांत दिला जातो त्या शब्दांचा विचार करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे, आणि त्या विचारातून वैद्यकाच्या प्रश्नावरही काही प्रकाश पडतो.

प्रथम शब्दाचे रूप पाहू. संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘ध’ प्राकृतात सामान्यतः ‘ह’ होतो. ‘मधु’चे ‘महु’ झाले. ‘मधूक’ वृक्षाचा आपण ‘मोह’ केला. ‘मोहोळ’ या शब्दातील हकारही याच मुळाकडे बोट दाखवतो, असे मानण्यास जागा आहे. ‘मध’ या शब्दात मात्र धकार जसाच्या तसा टिकला आहे. याचा अर्थ, हा शब्द प्राकृताच्या वाटेने घरंगळत आलेला नसून संस्कृतातून पुन्हा उचललेला आहे. मधमाश्यांची वस्ती तद्भव शब्दाने आणि तिच्यातून मिळणारा पदार्थ अर्धतत्सम शब्दाने ओळखला जावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता प्रयोगाकडे वळू. पोटाच्या तक्रारीत आपण ‘सुंठ मधातून द्या’, ‘चूर्ण मधातून घ्या’ असे म्हणतो. भाजल्यावर किंवा कातडीला चीर पडल्यावर ‘मध लावा’ असे म्हणतो. पहिल्या प्रयोगात ‘सुंठ’ हे कर्म असून मधाला ‘तून’ हा प्रत्यय लागला आहे. म्हणजे मध हे वाहन आहे. दुसऱ्या प्रयोगात मध स्वतःच कर्म आहे. तेथे औषध तोच. ‘दुधातून’, ‘तुपातून’, ‘कोमट पाण्यातून’ हे प्रयोग पहिल्याच जातीचे. शास्त्रीय परिभाषेत यास ‘अनुपान’ म्हणतात, आणि आयुर्वेदाने मधास ‘योगवाही’, म्हणजे ज्याच्याशी योग होईल त्याचे गुण वाहून नेणारा, असे विशेषण दिले आहे. जखमेच्या संदर्भात मात्र तोच आयुर्वेद मधाला शोधन व रोपण हे स्वतःचे गुण देतो. युनानीतील ‘सिकंजबीन’ या पाचक पेयाचे नावही पाहण्यासारखे आहे. फारसी ‘सिरका’ व ‘अंगबीन’ (मध) यांचा हा समास. ग्रीकांचे ‘ऑक्सिमेली’ याच घडणीचे. तेथेही पोटात जाणारा मध एकटा नाही, जोडीने आहे.

व्याकरणातील हा भेद केवळ बोलण्याची रीत नाही, असे आधुनिक संशोधनावरून दिसते. सोलापूर येथील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली भाजलेल्या 104 रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. निम्म्यांना मध लावला व निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे रूढ औषध. सात दिवसांत मधाच्या गटातील 91 टक्के जखमा जंतुविरहित झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण 7 टक्के होते. यावर एकदम भाळून जाता कामा नये. 2015 च्या कॉक्रेन समीक्षेने 26 चाचण्या तपासून असा निर्वाळा दिला की, वरवरच्या भाजण्यात साध्या पट्ट्यांपेक्षा मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते. परंतु सिल्व्हर सल्फाडायझिनशी केलेल्या तुलनेचा पुरावा तिने फार कमी प्रतीचा ठरवला. मधाच्या या गुणाची कारणे ज्ञात आहेत. त्यात पाणी सुमारे अठरा टक्के व बाकी बहुतेक साखर असल्याने तो जंतूंतील पाणी ओढून घेतो. तो आम्ल असतो. आणि जखमेतील ओलाव्याने पातळ होताच त्यातील एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होते. तापवल्यास हे विकर नष्ट होते. तथापि रुग्णालयात जखमेवर वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरातील बरणीतला नव्हे. खोल किंवा मोठे भाजणे हे घरगुती उपायाचे क्षेत्रच नाही.

पोटाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे झालेले व 1985 साली प्रसिद्ध झालेले काम उल्लेखनीय आहे. जुलाब झालेल्या मुलांना क्षारयुक्त पाणी देताना त्यात ग्लुकोजऐवजी मध घातला. जंतुजन्य जुलाबाचा काळ त्यामुळे घटला, इतर जुलाबांचा घटला नाही. येथे प्राण वाचवणारी वस्तू पाणी व क्षार ही होती, आणि ती ‘मधातून’ दिली गेली. मराठी प्रत्ययाने हेच सांगितले असते.

एक तिसरा प्रयोग उरतो : ‘मध चाटवणे’. यात मध कर्म आहे आणि ज्याला चाटवायचे तो बहुधा तान्हा बालक. जातकर्म संस्कारात नवजातास मध व तूप देण्याचा विधी आहे, आणि आजही अनेक घरांत गुटी मधात उगाळली जाते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात व स्नायू लुळे पडतात. अर्भकांचा हा रोग 1976 साली अमेरिकेत ओळखला गेला. एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी बालकास मध मुळीच देऊ नये, चाटवूही नये, असा आज वैद्यकाचा स्पष्ट नियम आहे.

आपल्या विभागातील विद्यार्थी बोलींतील औषधी शब्द गोळा करण्यास गावोगाव जातात. त्यांनी शब्दाबरोबर त्याचा प्रत्ययही टिपावा, ही सूचना. नुसता ‘मध’ हा शब्द टिपल्यास उपाय हाती लागत नाही. ‘मधातून’ की ‘मध लावून’, हे टिपले म्हणजे लोकांचा अनुभव हाती लागतो. आणि ‘चाटवणे’ हे क्रियापद वहीत उतरून घेताना समोरच्या मांडीवर तान्हे मूल असेल, तर संशोधकाने लेखणी क्षणभर बाजूस ठेवून त्या मातेशी चार शब्द बोलावे. शब्दाची नोंद त्यानंतरही करता येईल.