लाकडी गाडी आणि धारवाडचा पाऊस
1953 साली आलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची ॲश लाकडाची चौकट शोभेची नव्हे. मागच्या भागाचा भार तीच पेलते. म्हणून हुबळी-धारवाडात अशी गाडी जपताना खरा शत्रू पाऊस नसून अडकलेली ओल असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, मार्चच्या कोरड्या उन्हात आकसते, सांधे उघडतात आणि पुढच्या पावसात तिथेच पाणी मुरून कुज सुरू होते. मग गाडी कायम झाकूनच ठेवावी? प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. हवेशीर छप्पर बरे. ॲशऐवजी दांडेलीकडचे सागवान जास्त टिकेल, हा आक्षेप रास्तच; पण साग तेलकट, त्यावर गोंद नीट धरत नाही, जोडण्याआधी तेल पुसावे लागते. व्हार्निश उन्हाळ्यातच द्यावे, नाहीतर ओल आत बंद होते. सांध्यांना हादरे बसू नयेत म्हणून खड्ड्यांत वेग कमी ठेवावा. मागचे दार करकरू लागले की सांधा ढिला झाला समजावे.