ऑल-इन-वनच्या पोटातली चकती

जुलै लागला की पीक विम्याची घाई सुरू होते. परभणी जिल्ह्यात सेलू असो, मानवत असो, पालम असो की जिंतूर, सेवा केंद्रांसमोर सकाळपासून माणसं उभी असतात. हातात सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स. ‘सर्व्हर डाऊन आहे, दादा’ हे उत्तर रांगेतल्या प्रत्येकाला पाठ झालेलं असतं. सर्व्हर डाऊन असतोही, नाही असं नाही. पण टेबलावरचा ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या मागेच सगळा संगणक बसवलेलं ते देखणं यंत्र, बटण दाबल्यापासून पहिलं पान उघडेपर्यंत दहा-दहा मिनिटं घेत असेल, तर त्यात मुंबई-दिल्लीच्या सर्व्हरचा काही संबंध नाही. दोष त्या पडद्यामागे फिरणाऱ्या एका चकतीचा असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायला कुणाला बोलवावं लागत नाही. ‘लैच हळू चालायलंय’ असं वाटेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवर लालभडक, असं चित्र दिसलं तर निदान झालंच म्हणायचं. संगणकाचा मेंदू रिकामा बसलाय आणि स्मरणाची वाट बघतोय.

अशा अनेक ऑल-इन-वनमध्ये एक टीबीची, लॅपटॉपला असते तशी अडीच इंची हार्ड डिस्क असते. तिच्या चकत्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात. सेकंदाला ९०. ऐकायला वेग भन्नाट वाटतो, पण हिशेब करून बघा. एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती चकतीच्या कुठल्या भागात आहे त्यानुसार सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट बघावी लागते. त्याआधी वाचणारा हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी दहाएक मिलिसेकंद. म्हणजे एक तुकडा शोधायला पंधरा-सोळा मिलिसेकंद, आणि सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर तुकडे. विंडोजच्या फायली चार-चार किलोबाइटच्या तुकड्यांत विखुरलेल्या असतील, तर सेकंदाला पाव मेगाबाइटच्या आसपास माहिती हाती येते. हीच डिस्क सलग साठवलेला सिनेमा मात्र सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वेगानं वाचून दाखवते. म्हणून तर ‘सिनेमा नीट चालतो, मग विंडोजच का अडतं?’ असं कोडं लोकांना पडतं. सिनेमा सलग असतो, विंडोज विखुरलेलं. त्यात अँटिव्हायरस, अपडेट आणि छपाईचा प्रोग्रॅम एकाच वेळी तोच एक हात वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

अलीकडच्या अडीच इंची डिस्कमध्ये आणखी एक मेख आहे. कमी जागेत जास्त माहिती बसावी म्हणून शेजारशेजारच्या वर्तुळांचे पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहिलेले असतात. वाचताना त्रास नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलं उचलून पुन्हा लावावी लागतात. डिस्क मोकळ्या वेळात हे काम उरकते. मोकळा वेळच मिळाला नाही, की अडकते.

एवढं वाचून हार्ड डिस्क म्हणजे टाकाऊ वस्तू असा समज होऊ नये. माणसानं बनवलेल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी हे एक आहे. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या आणि टनभर वजनाच्या त्या कपाटात सगळी मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज तळहातावर त्याच्या लाखो पट मावतं. यामागे १९८८ साली आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेला एक चुंबकीय परिणाम आहे. त्यामुळे अतिशय क्षीण चुंबकीय ठिपकाही वाचता येऊ लागला. दोघांना त्यासाठी २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे वाचणारं डोकं चकतीला टेकत नाही. चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि दोघांमधलं अंतर पाचएक नॅनोमीटर, किंवा त्याहूनही कमी. आपल्या काळ्या मातीतला चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान असतो, डोळ्याला दिसतही नाही. पण एक मायक्रॉनचा कण घेतला तरी तो त्या फटीच्या दोनशे पट जाड भरतो. एप्रिलच्या वावटळीत परभणीच्या दुकानात जी धूळ काउंटरवर बसते, तिचा एक कण आत शिरला की चकतीवर ओरखडा ठरलेला. म्हणून संगणक उघडावा, हार्ड डिस्क कधीही उघडू नये. ‘आत जरा साफ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात तर मुळीच देऊ नये.

लाईट जाते तेव्हा काय होतं, ते मला या यंत्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं. वीज तुटताच तरंगणारं डोकं चकतीवर आदळायला हवं. तसं होत नाही, कारण चकत्या गतीमुळे अजून फिरत असतात. तेवढ्या क्षणापुरती मोटर उलटी वागते, जनित्र होते. फिरत्या चकत्यांतून निघालेल्या त्या इवल्याशा विजेवर हात उचलला जातो आणि कडेच्या उतारावर जाऊन विसावतो. भारनियमनाच्या दिवसांत तालुक्याच्या गावातली डिस्क हे किती वेळा करत असेल याची कल्पना करा. अर्थात डोकं वाचलं तरी अर्धी लिहिलेली फाईल वाचत नाही. ऑल-इन-वन दिसायला लॅपटॉपच्या कुळातला, पण त्याला बॅटरी नसते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. यूपीएस लागतोच, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही न फिरणारी साठवण बसवल्यावरही लागतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी विकसित केली, तिचीच ही पुढची पिढी. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडायचे, भोवती विजेला अडवणारा थर द्यायचा. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून माहिती ओळखायची. हात नाही, फेरा नाही, त्यामुळे तुकडा शोधायला एक दशांश मिलिसेकंद पुरतो, कधी त्याहून कमी. साध्या साटा एसएसडीचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या पुढे जातो, जाहिरातीत तोच छापतात. आपल्या कामाचा फरक त्या आकड्यात नसून शोधण्याच्या वेळेत आहे. पाचपट नव्हे, शंभरपटीहून जास्त.

तेव्हा हजारो रुपयांचा नवा संगणक घेण्याआधी आहे त्यात एसएसडी टाकून बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ऑल-इन-वनला हात घालताना थोडी तयारी लागते. त्याचा पडदा, प्रोसेसर, पंखा, स्पीकर, डिस्क सगळं दोन-तीन इंचांच्या खोक्यात दाटीवाटीनं बसवलेलं असतं.

काढघाल होते ती अशी. अ‍ॅडॉप्टर काढून चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरतात, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. टेबलावर जाड टॉवेल अंथरून पडदा खाली तोंड करून ठेवतात. मग स्टँडचे स्क्रू. त्यानंतर खरी परीक्षा, मागचं झाकण. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाहीत, कडेनं प्लास्टिकच्या खटक्या असतात. खटक्या उचकटायचं चपटं प्लास्टिक, किंवा जुनं सिमकार्ड, फटीत घालून हळूहळू सरकवायचं. टक्, टक्, टक् आवाज येत जातो. स्क्रू-ड्रायव्हरनं जोर लावला की खटकी तुटते, कधी पडद्याची कड तडकते. झाकण निघालं तरी लगेच ओढायचं नाही, काही मॉडेलांत स्पीकरची बारीक वायर झाकणालाच जोडलेली असते. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत, थरथर शोषणाऱ्या रबरी गोट्यांवर बसलेली दिसते. चार स्क्रू, एक जोडणी. त्याच जागी त्याच मापाची एसएसडी बसते. बोर्डावर एम-डॉट-टू नावाची मोकळी खाच असेल तर आणखी उत्तम, जुनी डिस्क कागदपत्रं साठवायला तशीच राहू देता येते.

सगळेच ऑल-इन-वन एवढे सरळ नसतात. अ‍ॅपलच्या २०१२ अखेरच्या पातळ आयमॅकपासून पुढची काच चक्क चिकटपट्टीनं डकवलेली आली. त्याआधीच्या २०११ च्या मॉडेलात तर वेगळीच गंमत होती. डिस्कचं तापमान कळण्यासाठी कंपनीनं विजेच्या जोडणीतच आपली खास सोय केली होती. बाजारातली दुसरी डिस्क लावली की संगणकाला तापमान कळेना, आणि पंखा घाबरून पूर्ण वेगानं घरघरत राही. त्यासाठी वेगळा सेन्सर विकत घेऊन लावावा लागे. यंत्र विकत घेतलं तरी ते उघडायचा हक्क आपला की कंपनीचा, हा प्रश्न अशाच ठिकाणी उभा राहतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला शेतीची अवजारंही आहेत.

नवी डिस्क बसवली, आता विंडोज नव्यानं टाकायचं की जुनं सगळं जसंच्या तसं उतरवायचं? दुकानदार ‘फॉर्मॅट मारू’ म्हणतो, ते त्याला सोपं पडतं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि सेवा केंद्रांत मात्र जसंच्या तसं उतरवणं, म्हणजे क्लोन, बरं. श्रीलिपीचे किंवा आयएसएमचे जुने मराठी फाँट, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, हे सगळं कुणीतरी कधीतरी खटपट करून बसवलेलं असतं. फॉर्मॅटनंतर ते जमवताना आठवडा जातो, आणि जुन्या फाँटातली पत्रं उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. क्लोन करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमनं जुन्या डिस्कची तब्येत बघावी. पिवळा इशारा असेल तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढाव्यात, क्लोन नंतर. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

उन्हाचं काय, असं परभणीत कुणीही विचारेल. मे महिन्यात इथल्या कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा पारा ४४-४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला चिकटून ठेवलेल्या ऑल-इन-वनच्या पोटात त्याहून जास्त. एसएसडीला मोटर नाही, म्हणून ती स्वतः कमी तापते. पण इलेक्ट्रॉन कोंडण्याचं तिचं काम उष्णतेत अवघड होतं. वीज नसताना ते हळूहळू निसटतात, आणि गरमीत लवकर निसटतात. घरगुती एसएसडीसाठीचं मानक असं आहे, की लिहिण्याची पूर्ण क्षमता वापरून झाल्यावरही ३० अंशांत, विजेशिवाय, तिनं एक वर्ष माहिती राखावी. नव्या एसएसडीला काळजी नाही. पण एसएसडीत बॅकअप भरून ती लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवणं शहाणपणाचं नाही. त्या कामाला जुनी फिरती चकतीच बरी. आणि संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी मोकळी राहू द्या.

एसएसडीनं सगळं भागत नाही हेही सांगायला हवं. चारच जीबी रॅम असेल तर ती आठ करावी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. अशा यंत्रावर पैसे घालण्याआधी मॉडेल नंबर तपासा.

राहिली काढलेली जुनी डिस्क. सेवा केंद्राच्या डिस्कमध्ये पंचक्रोशीतल्या लोकांचे आधार, फोटो, खाते क्रमांक, सातबारे असतात. रिसायकल बिन रिकामा केला म्हणून ते जात नाहीत, साध्या प्रोग्रॅमनं परत निघतात. झटपट फॉर्मॅटनंही जात नाहीत. डिस्क बॅकअपसाठी ठेवायची तर कुलपात ठेवा. मोडीत द्यायची तर आधी तिच्यावर शेवटपर्यंत शून्यं लिहून घ्या. ती चालतच नसेल तर ड्रिलनं चकतीला आरपार भोकं पाडा आणि मगच ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्या. भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका.