जुना वाघ बदलायचा का?

२०१७ ची दिवाळी. जळगावचा माझा एक मित्र आणि त्याचा धुळ्याचा मावसभाऊ मुंबईला गेले होते. निमित्त नातेवाइकांचं, काम लॅमिंग्टन रोडवर! रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने परतताना दोघांच्या मांडीवर एकेक खोकं होतं. धुळेकर मध्यरात्र उलटल्यावर चाळीसगावला उतरला आणि सकाळची धुळ्याची गाडी मिळेपर्यंत खोकं पोटाशी धरून फलाटावर बसून राहिला. जळगावकर घरी पोचला तर आई दारातच. "केवढ्याला पडलं?" पठ्ठ्याने किंमत बरोब्बर अर्धी सांगितली. सुवर्णनगरीतली आई ती, तिने लगेच हिशेब केला, "अरे, एवढ्यात एक तोळा आला असता!"

खरं तर दोन आले असते. खोक्यात जीटीएक्स १०८० टीआय होतं.

गेमिंगवाल्यांना या नावाचं महत्त्व सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: कॉम्प्युटरवरच्या गेमचं चित्र रंगवणारा स्वतंत्र कारागीर म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाने मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलरला आणलेलं हे कार्ड तेव्हाचा वाघ होता. ११ जीबी मेमरी, २५० वॅटची भूक, आणि समोर येईल तो गेम फाडून खायची ताकद. म्हणून तर नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांची सगळी बचत दोघांनी त्याच्यावर उधळली.

आज दोघंही तिशीत आहेत. एकाच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता, दुसऱ्याच्या घरात दोन वर्षांची लेक. आणि दोघांच्याही डोक्यात एकच किडा: कार्ड बदलायचं का? दोघांनी हिशेब मांडला. गंमत म्हणजे एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या कार्डांची उत्तरं वेगळी निघाली!

आधी जळगाव

मित्र पुण्यातल्या आयटी कंपनीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि वर्क फ्रॉम होमच्या कृपेने जळगावातच राहिला. दिवसा लॅपटॉप, रात्री जेवणं आटोपली की पीसी. खेळतो काय? मित्रांबरोबर व्हॅलोरंट, अधूनमधून जीटीए फाइव्ह, आणि गेली तीन वर्षं न संपणारा विचर थ्री.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा पीसी अडखळायला लागला. गेम अर्धा तास नीट चालायचा, मग एकदम ढिला पडायचा. पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या खोलीतून आई विचारायची, "काय करून राहिला रे तू?" त्याने मनाशी ठरवून टाकलं, कार्ड म्हातारं झालं. बाजूला काढलेले तीसेक हजार होतेच. गोलाणी मार्केटला चक्कर मारली, भाव काढले, घरी येऊन मला फोन केला.

मी विचारलं, "कार्ड शेवटचं साफ कधी केलंस?"

पलीकडे शांतता.

जळगावचा मे महिना! बाहेर पारा ४५ ला टेकतो आणि घरातली भिंतसुद्धा रात्री दहापर्यंत गरम लागते. त्यात हे कार्ड ८४ अंशांच्या आसपास पोचलं की जीव वाचवायला आपणच आपला वेग आवरतं. म्हणजे मित्राला वाटलं होतं कार्ड थकलं. प्रत्यक्षात ते उकडून निघत होतं. पंख्यांवर धुळीचा थर, आत चिपवर लावलेली थर्मल पेस्ट वाळून कडक. भरीत भर म्हणजे पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटवर रोखलेला. कार्डाला गार वारा मिळावा म्हणून! त्या दमट हवेने धूळ पंख्यांना आणखी घट्ट चिकटत होती.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने कार्ड उघडलं, साफ केलं, नवी पेस्ट लावली. खर्च हजाराच्या आत. कूलरची दिशा फुकटात बदलली. व्हॅलोरंट पुन्हा लोण्यासारखा!

मग नवं घेऊन मिळालं काय असतं?

नव्या कार्डाचं बजेट तीस हजार. त्या किमतीत समोर येतं आरटीएक्स ५०६०. मे २०२५ मध्ये ते २९९ डॉलरला निघालं. तेव्हाच्या साधारण ८५ रुपयांच्या भावाने पंचवीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीस हजार. जुन्या वाघापेक्षा ते वेगवान आहे, यात वाद नाही. १०८० टीआय आज साधारण आरटीएक्स ३०६० च्या जोडीला बसतं, आणि ५०६० त्याच्या दोन पिढ्या पुढचं. पण मेमरी किती? ८ जीबी. जुन्यात ११! म्हणजे आठ वर्षांनी पैसे मोजायचे आणि तीन जीबी परत करून यायचं. नव्या गेममध्ये चित्रांचा दर्जा वर चढवला की ही कमी जाणवते.

दुसरी गोष्ट मॉनिटरची. मित्राचा मॉनिटर ६० हर्ट्झचा. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकतो. कार्डाने दीडशे काढली काय आणि तीनशे काढली काय, डोळ्यांपर्यंत साठच पोचणार. त्याचे गेम आताच साठच्या वर चालतात. मग त्या तीस हजारांत दिसणार काय?

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग. मित्राचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, चार कोअरचा. त्याच्यावर नवं कार्ड बसवणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं इंजिन. गेममधला बराच हिशेब प्रोसेसर करतो. तोच मागे पडला की कार्ड नुसतं वाट बघत बसतं. शिवाय ५०६० मदरबोर्डशी बोलताना सोळाऐवजी आठच वाटा वापरतं. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही, पण जुन्या पीसीआय ३.० बोर्डावर त्या वाटा अरुंद पडतात, आणि मेमरी भरली की तिथेच गाडी अडते.

त्यात विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर सहसा चालत नाही, आठव्यापासून पुढचा लागतो. म्हणजे आज कार्ड घेतलं तर उद्या प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमही आलीच. २०२५ च्या शेवटी एआयवाल्या डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव किती भडकले, हे आठवत असेलच. तीस हजारांची फोडणी, पण भाजी लाखाची!

विजेचं काय? नवं कार्ड १४५ वॅट खातं, जुनं २५०. रोज तीन तास पूर्ण ताकदीने खेळलात तर वर्षाला साधारण ११५ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, साडेअकराशे रुपये. या बचतीतून तीस हजार वसूल व्हायला सव्वीस वर्षं लागतील!

जळगावचा निकाल लागला. कार्ड तेच. पैसे फ्लॅटच्या हप्त्याकडे वळले.

आता धुळे

मावसभाऊ देवपुरात राहतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी स्वतःचं छोटं काम: घरांच्या इंटिरियरची थ्रीडी चित्रं आणि लग्नाच्या अॅनिमेशनवाल्या पत्रिका. सीझनमध्ये दम खायला फुरसत नसते. त्याने मधल्या काळात प्रोसेसर आणि बोर्ड बदलले होते. रायझनची ५००० ची पिढी, विंडोज ११ मजेत चालतं. अडकला होता तो फक्त कार्डापाशी.

एक दिवस त्याने हौसेने डूम: द डार्क एजेस डाउनलोड केला. तासन् तास डाउनलोड, आणि गेम सुरूच होईना! वेग कमी पडला म्हणून नव्हे. मे २०२५ मध्ये आलेल्या या गेमला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचा किरण कसा परावर्तित होईल ते मोजणारं हार्डवेअर कार्डातच लागतं. १०८० टीआयमध्ये ते नाहीच. डिसेंबर २०२४ च्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलचंही तेच. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅलन वेक टू आला, तेव्हा मेश शेडर नसल्यामुळे या कार्डावर त्याची पार दैना झाली. पुढे मार्च २०२४ च्या अपडेटने थोडं सावरलं, एवढंच.

मुद्दा इथेच आहे. जुनं दमदार कार्ड हळू झालं तर सेटिंग कमी करून भागवता येतं. पण दारच बंद झालं तर सेटिंग कितीही कमी करा, उपयोग शून्य.

दारं एकेक करून बंद होतायत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही तीन महिन्यांतून एकदा. कामासाठी लागणाऱ्या कुडा या सॉफ्टवेअरच्या २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीतूनही ही पिढी वगळली गेली. याचा अर्थ उद्या सकाळी कार्ड बंद पडेल असं नाही. आज जे चालतं ते चालत राहील. पण नव्या गोष्टींच्या रांगेत त्याचा नंबर लागणार नाही.

मावसभावासाठी हा फक्त खेळाचा प्रश्न नव्हता. ब्लेंडरमध्ये एका खोलीचं चित्र रेंडरला लावलं की तो जेवून, लेकीला झोपवून यायचा, तरी काम चालूच. गिऱ्हाईक म्हणणार, "भाऊ, सोफ्याचा रंग तेवढा बदला," की पुन्हा तेवढाच वेळ. रे ट्रेसिंगचे कोअर असलेली कार्डं नेमका हाच वेळ वाचवतात. त्याने आरटीएक्स ५०६० टीआय घेतलं, पण आठ नव्हे, १६ जीबीवालं. नाव एकच, मेमरी दोन प्रकारची, त्यामुळे बिलावर आकडा तपासून घेतला. ते १८० वॅटचं आहे, म्हणजे जुन्या २५० वॅटवाल्यासाठी घेतलेला पॉवर सप्लायही तसाच चालला. जास्तीचे पैसे त्याने लग्नसराईच्या कमाईतून काढले. आता रेंडर चहा संपायच्या आत हातात येतं आणि लेक झोपताना बाबा तिच्याजवळ असतो.

जुन्याचं काय?

त्याचं जुनं कार्ड त्याच्याच गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या एका पोराने घेतलं. खुशीत आहे तो! ज्याच्याकडे कार्डच नाही, त्याला फुल एचडी मॉनिटरवर हा वाघ आजही पुरतो. पण अनोळखी माणसाकडून घेणार असाल तर जरा जपून. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डांवरून उठलं आणि रात्रंदिवस राबवलेली कितीतरी कार्डं सेकंडहँड बाजारात आली. अर्धा तास गेम चालवून, तापमान बघूनच पैसे काढा. वॉरंटी संपलेली असणार हे धरूनच भाव करा.

खिशात हात घालण्याआधी

- कार्ड साफ करा, पेस्ट बदला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

- कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. उष्णता उतरते आणि वेगातला फरक सहसा कळत नाही.

- गेममध्ये एफएसआरचा पर्याय असेल तर चालू करा. एएमडीचं हे तंत्र जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतं आणि फुकट आहे.

- मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते बघा. साठचा असेल तर आधी तो बदलायचा विचार करा.

- खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहतो का? राहत असेल तर कार्ड कमी पडतंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि तुम्ही फ्रेम बांधून ठेवल्या नसतील, तर बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा.

- पुढच्या वर्षभरात नक्की खेळायचे पाच गेम कागदावर लिहा आणि त्यांच्या किमान गरजा तपासा. त्यातले दोन-तीन सुरूच होत नसतील, किंवा कार्ड तुम्हाला कमाई करून देत असेल, तर खुशाल बदला. नाहीतर थांबा.

जळगावच्या आईला मात्र हा सगळा हिशेब अजून पटलेला नाही. सोनं २०२५ मध्ये तोळ्याला लाखाच्या पलीकडे गेलं तेव्हा तिने पुन्हा विषय काढलाच. मित्र गप्प बसला. तिला अजूनही एकाच तोळ्याचं दुःख आहे. दुसऱ्याबद्दल तो सांगणार नाहीये.