चिकटणारं स्टील

काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरला स्टेनलेस स्टील बरं की साधं पोलाद, असा संपादकांचा प्रश्न. बंदूकवाला गाठायचा सोडून मी भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या गाळ्यांत गेलो. खाडी, मिठागरं, खारा वारा. हे गंजाचं माहेरच. काळी दारूही इथं परकी नाही. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेनं भाईंदरच्या पश्चिमेकडचा धारावी किल्ला घेतला होता.

१९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअरली बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवणारं पोलाद शोधत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियमचं जे हाती लागलं, ते आधी सुऱ्यांच्या कामी आलं. स्टेनलेसचं रिव्हॉल्व्हर १९६५ मध्ये आलं, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०. रूगरचं काळ्या दारूचं ‘ओल्ड आर्मी’ सत्तरच्या दशकातलं.

पॉवर प्रेसवरचा कारागीर मात्र माझ्या प्रश्नापेक्षा डायकडे जास्त बघत होता. डाय पुसायचा, तेल फिरवायचं, मगच पत्रा ठेवायचा. “तेल कमी पडलं की पत्रा डाय धरतो,” तो म्हणाला, “मग पुढच्या प्रत्येक डब्यावर ओरखडा.” मला हवं होतं ते इथं सापडलं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा पापुद्रा असतो. दाबाखाली घासलं की तो निघतो आणि उघडा धातू समोरच्या धातूला चिकटतो. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर ज्या पिनेवर फिरतं, तिथं दोन्ही भाग एकाच जातीच्या स्टेनलेसचे असले तर हाच धोका.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे उरतं, आणि त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात. साधं पोलाद लगेच गंजू लागतं. स्टेनलेस दम धरतं. हा फायदा खरा आहे. पण काजळी पिनेभोवती साचून सिलिंडर अडवते, ते स्टेनलेसमध्येही अडवतेच. गरम पाणी, साबण, मग ग्रीस यातून सुटका नाही.

शिवाय बंदुकीचं स्टेनलेस आपल्या ताटवाट्यांचं नव्हे. भांडी घेताना आपण चुंबक लावून बघतो. चिकटला तर नाक मुरडतो. नळीला मात्र तापवून कठीण करता येणारं स्टील लागतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. अशा स्टीलच्या ४१६ या जातीत कापायला सोपं जावं म्हणून गंधक घालतात. त्यानं गंजाला तोंड देण्याची ताकद घटते. भाईंदरच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड अशा स्टीलला बारीक खड्डे पाडू शकतं. मी तरी सांगाडा नि सिलिंडर स्टेनलेसचं घेईन, पिन वेगळ्या कठीणपणाची, आणि घरी आल्यावर जेवणाआधी रिव्हॉल्व्हर धुऊन टाकीन.