टॅब दिवाळीआधी आणा

प्रबंधातलं कार्यपद्धतीचं प्रकरण सहसा परीक्षकाशिवाय कुणी वाचत नाही. जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा कच्चा खर्डा माझ्याकडे आला, त्यात मी ते वाचलं. बंद घरं नमुन्यातून वगळणार, असं तिथं एका ओळीत उरकलं होतं. त्या ओळीपायी मी जानेवारीत तिच्याबरोबर मोखाड्यातल्या एका पाड्यावर गेलो.

तिच्या टॅबमध्ये कोबो या सर्वेक्षणाच्या ॲपचा फॉर्म होता. रेंज नसली तरी तो चालतो, माहिती साठवतो आणि जव्हारला आल्यावर वर चढवतो. घराचे अक्षांश-रेखांशही घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणसुद्धा २०१५-१६च्या फेरीत कागद सोडून संगणकावर आलं, तेव्हा या निवडीला नावं ठेवण्याचं कारण नाही. अडलं ते जन्मतारखेपाशी.

आजीच्या कडेवर नातू. त्याचं कार्ड आई घेऊन गेलेली. तारखेशिवाय फॉर्म पुढे सरकेना. अंगणवाडीच्या ताईंनी सूत्रं हाती घेतली. लावणीच्या आधीचा की नंतरचा? मागल्या लावणीचा की त्याच्या मागल्या? तेव्हा गणपती बसले होते का? असं करत जुलै निघाला. पोषणाच्या सर्वेक्षणांत ही मान्य पद्धत आहे, तिच्यासाठी स्थानिक घटनांची दिनदर्शिका आधी तयार करतात. टॅबला मात्र तारीखच हवी, म्हणून १५ जुलै भरला. शाळेत निम्म्या गावाचा जन्म १ जूनला होतो, तसाच हा प्रकार. पण लहान मुलाचं वयानुसार वजन आणि उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर तपासताना महिन्या-दोन महिन्यांच्या फरकानं मुलाची श्रेणी बदलू शकते.

ताईंनी मग पिशवीतून दंडाची पट्टी काढली. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत एकच मोजमाप, नेमकी तारीख लागत नाही. साडेबाराच्या खाली पिवळा, ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल. नातू पिवळ्यात होता. "साडेअकराच्या आत नाही," ताई आजीला म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर आम्हालाही तेच पुन्हा सांगितलं. पट्टीनं खुजेपणा कळत नाही, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. पण विद्यार्थिनीच्या फॉर्ममध्ये तो रकाना ऐच्छिक होता, हे मला खटकलं.

पुढच्या घराला कुलूप. त्याच्या पुढच्यालाही. फॉर्ममध्ये 'घर बंद' असा पर्याय आहे. तो दाबला की यादीतलं पुढचं घर येतं. ती माणसं कुठं आहेत हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे, वीटभट्टीवर. बरीचशी होळीला येतात, पुन्हा जातात ती पावसापर्यंत. बारकी पोरं बरोबरच.

"साडेअकराच्या आतली माझी दोन्ही तिकडंच आहेत," ताई म्हणाल्या. मग विद्यार्थिनीकडे वळून, "मॅडम, टॅब कोणताही आणा, पण दिवाळीआधी आणा."

१९९२मध्ये वावर-वांगणीतले बालमृत्यू राज्यभर गाजले, तेव्हापासून या डोंगरात मोजणारे येत आले आहेत. साधनं सुधारली, हे खरंच. पण जानेवारीत घरोघर फिरून केलेलं मोजमाप मागं राहिलेल्या मुलांचं असतं, आणि तक्त्यावर नाव मात्र अख्ख्या तालुक्याचं लागतं. माझ्या मते ही चूक कुठल्याही ॲपनं दुरुस्त होणारी नाही.

म्हणून मार्गदर्शकांना विनंती, फॉर्म बांधायच्या आधी विद्यार्थ्याला एकदा अंगणवाडीत बसवा. मोजणी दिवाळीआधी धरा. ते जमणारच नसेल तर भट्टीवरच्या मुलांचा नमुना वेगळा घ्या, आणि त्याच्या प्रवासखर्चाची तरतूद पहिल्याच आराखड्यात करा.