जमिनीखालचा वाफा

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्री पारा उणे १५, कधी उणे २० अंशांपर्यंत उतरतो. उघड्या शेतात पीक येतं ते साधारण मे ते सप्टेंबर एवढंच. त्यामुळे हिवाळ्यातली भाजी म्हणजे जमिनीत पुरून ठेवलेले बटाटे, गाजरं, सलगम आणि उन्हाळ्यात सुकवून ठेवलेला पाला. मातीच्या पोटात कंद गोठत नाहीत, हे तिथल्या घराघराला पूर्वीपासून माहीत होतं. साठवणीच्या त्याच खड्ड्यात पेरणी करायची, ही पुढची पायरी.

ती पायरी रुजवण्यात लेहच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. १९६२ साली सुरू झालेली ही संस्था आज 'दिहार' या नावाने ओळखली जाते. उंचावरच्या जवानांना ताजी भाजी तिथेच पिकवून मिळावी, हा तिच्या कामाचा एक गाभा. तिच्या साध्या खंदक-हरितगृहाचं माप साधारण ३० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट खोल. वरची कसदार माती बाजूला काढायची, खणून झालं की शेणखत मिसळून तीच तळाशी पसरायची. लडाखची जमीन रेताड आणि गोट्यांची, म्हणून कडा ढासळू नयेत यासाठी दगड किंवा कच्च्या विटा लावायच्या. वर पॉप्लरचे वासे, त्यांवर उन्हाला टिकणारं पॉलिथिन. एरवी बांधाव्या लागणाऱ्या चारही भिंती इथे धरतीनेच दिलेल्या असतात. म्हणूनच हे काम स्वस्तात होतं. मुख्य खर्च पॉलिथिनचा आणि अंगमेहनतीचा.

जमीन दिवसा ऊब साठवते आणि रात्री हळूहळू परत देते. पण पॉलिथिनमधून ही ऊब सहज निसटते, आणि लडाखचं रात्रीचं निरभ्र आकाश ती ओढून घेतं. म्हणून सूर्य कलला की वर जाड कापड, घोंगडं किंवा दुसरं आवरण टाकायचं आणि सकाळी ऊन चढलं की काढायचं. दुपारी आत इतकं तापतं नि दमट होतं की एक कड उघडून वारा द्यावा लागतो. पाणी बेताने आणि सकाळीच द्यायचं. हा रोजचा शिरस्ता मोडला तर उत्तम खड्डाही कामाचा नाही.

मग आणखी खोल का खणू नये? खाली ऊब जास्त असते, हे तर खरंच. इथे हिशेब सूर्याचा करावा लागतो. डिसेंबरच्या अखेरीस लेहला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. ३ फूट खोल खड्ड्याच्या दक्षिणेकडच्या कडेची सावली लेहला भर दुपारीही पावणेपाच फूट पडते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तरी १० फुटी तळाचा जवळपास अर्धा भाग सावलीत जातो. खोली दुप्पट केली तर तळाला ऊन जवळजवळ उरतच नाही. बोलिव्हियातल्या ला पाझच्या पठारावर 'वालिपिनी' नावाचे सहा ते आठ फूट खोल खड्डे चालतात, कारण ते ठिकाण विषुववृत्तापासून सोळा-सतरा अंशांवरच आहे आणि ऐन हिवाळ्यातही दुपारचा सूर्य तिथे ५० अंशांवर असतो. वालिपिनीची आकृती पाहून उत्तरेकडच्या थंड देशांत तेवढंच खोल खणणाऱ्याच्या वाट्याला उबदार अंधार येतो. माझ्या मते भूमिगत हरितगृहाबद्दल सर्वांत आधी सांगायला हवी ती हीच गोष्ट: थंडीइतकाच सूर्याचा कोन पाहून खोली ठरवा. शिवाय भूजल वर असेल तिथे खणूच नये.

लडाखमध्ये पुढे जमिनीवरची सौर हरितगृहंही पसरली. त्यांना उत्तरेला कच्च्या विटांची जाड भिंत असते, तिच्या पोकळीत पेंढा भरतात, आणि दक्षिणेला उतरतं पॉलिथिन असतं. ऊन तळापर्यंत पोचतं, माणूस ताठ उभा राहतो, पीकही जास्त येतं. पण विटा, गवंडी आणि छपराचं लाकूड यांचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. ज्याच्याकडे कुदळ, फावडं आणि घरामागे तीनशे चौरस फूट जागा आहे, त्याने खड्ड्यापासूनच सुरुवात करावी. त्यात हिवाळ्यात टोमॅटोची आस धरू नये. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस लावावं. आणि बी कडाका सुरू होण्याआधीच, शरदात पेरावं, कारण डिसेंबर-जानेवारीत रोपं जगतात, पण वाढ अगदी मंदावते.